सातेरीचा डिंक

गोजरबाईचं कुणी वाकडं केलं तर ती भांडत नाही. तिच्याविषयी पहिली ध्यानात ठेवायची गोष्ट हीच. पिशोर गावात भांडणाऱ्या बाया रग्गड आहेत. सकाळी नळावर एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरतात आणि संध्याकाळी एकीचं कालवण दुसरीच्या ताटात असतं. गोजरबाई त्यातली नाही. ती सगळं ऐकून घेते, मान हलवते आणि "बरं" म्हणते. ते "बरं" ऐकलं की जाणता माणूस सावध होतो.

नवी नवरी म्हणून ती नांदायला आली त्या पहिल्याच आठवड्यात नणंदेनं तिला दोन दिवसांची शिळी भाकर वाढली. गोजरबाई "बरं" म्हणाली आणि भाकर खाल्ली. त्यावर बावीस वर्षं गेली. नणंदेच्या पोरीचं लग्न निघालं तेव्हा गोजरबाईनं आहेर म्हणून नवाकोरा स्टीलचा डबा दिला, वर लाल फीत बांधून. मांडवातल्या बायांनी हौसेनं झाकण काढलं, तर आत दोन दिवसांची भाकर. नणंदेला आठवायला जरा वेळ लागला. आठवल्यावर मात्र ती मांडवाचा खांब धरून खालीच बसली.

तिचा नवरा धोंडिबा चाळिशीतच गेला. पदरात एक पोरगा, सम्यक, आणि दीड एकर कोरडवाहू. सरकारी योजनेतून दहा दिवसांचं प्रशिक्षण आणि मधमाश्यांच्या दहा पेट्या मिळाल्या तेव्हा गाव हसलं. आता तिच्याकडे चाळीस पेट्या आहेत. माशी परदेशी जातीची, अंगानं मोठी, मेहनती. गावात तिला नुसतं 'मोठी माशी' म्हणतात. कांद्याचं बियाणं धरणारे शेतकरी फुलोऱ्यात तिच्या पेट्या भाड्यानं नेतात, कारण गोंड्यावर माशी बसली नाही तर बी भरत नाही.

असंच एका साली आप्पासाहेबांनी तिच्या पेट्या नेल्या आणि तिला न विचारता फुलावर औषध फवारलं. तीन पेट्यांतल्या माश्या दारात पालथ्या पडल्या. आप्पासाहेब बडे बागायतदार. "मेल्या तर मेल्या, माश्याच तर व्हत्या," म्हणाले. गोजरबाई "बरं" म्हणाली. पुढच्या साली तिनं स्वतः होऊन त्यांच्या शेतात पेट्या ठेवल्या, तेही सगळ्यांच्या आधी. आप्पासाहेब खूष. आणि ऐन फुलोऱ्यात, सगळे गोंडे उमलले त्या सकाळी, तिनं पेट्या टेम्पोत भरल्या आणि निघून गेली. त्या वर्षी आप्पासाहेबांच्या रानात गोंडे होते, बी नव्हतं. तेव्हापासून फवारणीआधी तालुक्यातला शेतकरी गोजरबाईला फोन करतो.

तर अशी ही बाई. आणि तिच्या पोराला हात लावायची बुद्धी इंद्रजीतला झाली.

सम्यक आयटीआय करून वाळूजला एका कारखान्यात लागला होता. शहरात पुंडलिकनगरला एका मित्रासोबत खोली करून राहायचा. चोविसाव्या वर्षी त्याला पोटाचं दुखणं लागलं. दिवसातून पंधरा-वीस वेळा संडासला जायचा आणि रक्त पडायचं. घाटीतल्या, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. म्हणाले, मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. बरं होणारं दुखणं नाही पण ताब्यात राहणारं आहे. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत पोरगं माणसात आलं. वजन भरलं, ड्युटी सुरू झाली, खुलताबादकडची एक मुलगी बघून लग्नसुद्धा ठरलं.

त्याच सुमारास शहरातल्या एका फार्मसी कॉलेजातल्या दीपमाला मॅडम पिशोरला आल्या होत्या. त्यांना मध नको होता, डिंक हवा होता. मोठी माशी झाडांच्या कळ्यांवरून, सालीवरून चिकट चीक गोळा करते, त्यात मेण कालवते आणि पेटीच्या फटी बुजवते. तपकिरी, वासाचा, हाताला लागला की साबणालाही न जुमानणारा. गोजरबाई इतकी वर्षं तो पटाशीनं खरवडून फेकून देत होती. फार तर हिवाळ्यात टाचांच्या भेगांत भरायची. मॅडमनी तो नेला, अर्क काढला, उंदरांना पाजला, आणि मग त्या उंदरांच्या आतड्याला औषधानं सूज आणली. डिंक प्यायलेल्या उंदरांची आतडी कमी सुजली, बाकीच्यांची जास्त.

पेपरात बातमी आली: 'मधमाश्यांच्या डिंकाने आतड्याची सूज रोखली'. सोबत गोजरबाईचा पेट्यांपाशी उभा फोटो. उंदीर हा शब्द पाचव्या ओळीत होता, आणि पाचव्या ओळीपर्यंत कुणी गेलंच नाही. गोजरबाईनं कात्रणाला प्लास्टिक करून आणलं आणि भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलं. पोराला जे दुखणं, त्यावरचं औषध आपल्याच पेटीत निघावं! आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते.

इंद्रजीत आला तो हे कात्रण हातात घेऊनच. आधी प्लॉट विकायचा, मग विमा, आणि आता पुंडलिकनगरात पहिल्या मजल्यावर त्याचं 'निसर्ग आरोग्य केंद्र' होतं. पांढरा शर्ट, कपाळाला चंदन, तोंडात खडीसाखर. "मावशी, तुम्हाला माहीत नाही तुमच्या हातात काय आहे ते," म्हणाला. डिंक स्पिरिटात भिजवून थेंबांच्या बाटल्या करायचा. गोजरबाई त्याला डिंक देऊ लागली आणि पहिली बाटली तिनं पोरासाठी मागितली.

सम्यक केंद्रात गेला तेव्हा इंद्रजीतनं त्याच्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओळीनं मांडायला लावली. मग ती एका हातानं बाजूला सरकवली. "हे केमिकल आतडं जाळतं. दोन्ही एकत्र चालत नाही. ह्या गोळ्या आजपासून बंद. कॉलेजनं सिद्ध केलंय, तुमच्याच आईच्या माश्यांवर."

पोरगा कचरला. गोजरबाई नाही कचरली. तिच्या माश्या होत्या त्या. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी जेवणवेळेला तिचा फोन जायचा: थेंब घेतलेस का? घेतले. गोळ्यांचं पाकीट फेकलंस ना? फेकलं. बरं.

चार महिने ठीक गेले. पाचव्या महिन्यात कंपनीच्या बाथरूममध्ये सम्यक पडलेला सापडला, खाली रक्ताचं थारोळं. घाटीत डॉक्टरांनी तीन दिवस शर्थ केली. चौथ्या दिवशी मोठं आतडं काढून टाकावं लागलं. जीव वाचला. पोटाला भोक पाडून त्यावर पिशवी लावली. आता जे व्हायचं ते त्या पिशवीत. पोरगं सव्वीस वर्षांचं. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, आणि तो पिशोरला येऊन मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला. कधी कधी दिवसभरात चार शब्दही बोलायचा नाही.

गोजरबाई इंद्रजीतकडे गेली. केंद्रात पाच-सहा गिऱ्हाइकं बसली होती. तिला फार काही नको होतं. एवढंच हवं होतं, की त्यानं पिशोरला यावं आणि पोराच्या समोर बसून म्हणावं: गोळ्या बंद करायला मी सांगितलं. पोरगं स्वतःलाच कोसत बसलंय असं तिला वाटत होतं. कुणीतरी त्याच्या छातीवरचा तो धोंडा उचलून आपल्या डोक्यावर घ्यायला हवा होता.

इंद्रजीत हसला. आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. "मावशी, मी असं कधी म्हणालो? आम्ही फक्त पूरक आहार देतो. डॉक्टरांचं औषध बंद करा असं आम्ही कुणालाच सांगत नाही. लेखी आहे का काही?"

गोजरबाईनं त्याच्याकडे बघितलं, त्याच्या टेबलावरच्या बाटल्यांकडे बघितलं, आणि म्हणाली, "बरं."

गावात खबर गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई त्याच्यावर माश्या सोडणार. चावडीवर तर पैजा लागल्या. गोकुळ टेम्पोवाला आपणहून आला, म्हणाला, "गोजरामाय, चार पेट्या घालतो गाडीत, त्याच्या दारात उघडून देऊ. भाडं नाय घेत."

गोजरबाई त्याच्यावर उखडली. "माशी डसली की मरती, ठावं हाय का तुला? त्या भाडखाऊसाठी माझी एक माशी मरायची? एक बी नाय मारणार म्या."

तिला राग येत होता तो असा, की तव्यावरची भाकर करपून जायची. पोराची पिशवी बदलताना भोकाभोवतीची लाल कातडी बघितली की तिच्या डोळ्यांपुढे तो पांढरा शर्ट यायचा. पण हा राग ती कुणाला दाखवत नव्हती. तो आतल्या आत मुरवत ठेवला, कैरी मिठात ठेवावी तसा.

आधी ती दीपमाला मॅडमकडे गेली. त्यांना सगळं सांगितलं. मॅडम रडवेल्या झाल्या. "गोजरामावशी, उंदरांना आम्ही डिंक आधी दिला होता, सूज नंतर आणली. आधी दिला तर काय होतं एवढंच बघितलं. आणि उंदीर म्हणजे माणूस नाही. चालू गोळी बंद करा असं आमच्या कागदात कुठंही नाही."

"ते आता कळलं मला," गोजरबाई म्हणाली. "तक्रार केली तर त्याचं काय व्हईल?"

"तो म्हणणार, मी सांगितलंच नाही. बाटलीवर 'पूरक आहार' लिहिलंय. बाटलीवर काही खोटं असतं तर पकडता आलं असतं."

बाटलीवर काही खोटं असतं तर. गोजरबाई एसटीनं पिशोरला येईपर्यंत हेच घोळवत होती. आणि फुलंब्री मागं पडायच्या आत तिला ते खोटं सापडलं.

आपल्याकडे एक देशी माशी आहे, सातेरी. लहानखुरी, गरीब स्वभावाची, झाडाच्या ढोलीत सात-आठ पोळी लावून राहते. तिचा मध झकास. पण सातेरी डिंक गोळा करत नाही. फट बुजवायची असली तर मेण लावते. पेटी उघडणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मोठ्या माशीच्या पेटीचं झाकण पटाशीनं उचकटावं लागतं, सातेरीचं बोटानं उचलतं. इंद्रजीतनं मात्र जन्मात पेटी उघडली नव्हती. त्याला माश्या दुरूनच बऱ्या वाटायच्या.

पंधरा दिवसांनी गोजरबाई डिंकाची पिशवी घेऊन केंद्रात हजर. इंद्रजीत आधी दचकला. मग तिनं पदर तोंडाला लावून सांगितलं, की पोराचं नशीबच फुटकं, तुम्हाला काय बोल लावायचा; पोट तर भरलं पाहिजे. त्याला ते पटलं. गरीब बाई शेवटी येतेच, अशी त्याची समजूत असावी.

"साहेब," जाता जाता ती म्हणाली, "ही परदेशी माशी. लोकांना आजकाल देशी लागतं. देशी गाय, देशी गहू. सातेरीचा डिंक म्हणून इका, बगा कसा उठतो ते."

"सातेरीचा असतो?"

"तुमाला पाहिजे तर असतो." आणि ती हसली. आयुष्यात ती इतकं गोड कधी हसली नव्हती.

इंद्रजीतचे डोळे चमकले. खुलताबादच्या रस्त्याला त्याच्या मेव्हण्याचा मळा होता. तिथं गोजरबाईनं त्याला सातेरीच्या दोन पेट्या बसवून दिल्या. झाकणाच्या आतल्या कडेला आपल्या मोठ्या माशीचा डिंक हातानं थापला, उन्हानं मऊ होऊन तो जागच्या जागी बसला. इंद्रजीत जाळीचा टोप घालून दहा हात लांब उभा राहिला आणि फोटो काढून घेतले. महिन्याभरात नव्या बाटल्या आल्या. वर सोनेरी अक्षरांत: 'शंभर टक्के शुद्ध देशी सातेरी माशीचा डिंक'. गोजरबाईनं एक बाटली कनवटीला लावली.

आता हवी होती गर्दी. तिनं आठ महिने वाट बघितली. ह्या आठ महिन्यांत ती डिंक पोचवायला जायची तेव्हा केंद्राच्या जिन्यात तिला माणसं भेटायची. पोट धरून चढणारी, पिवळी पडलेली. हे मात्र तिला सोसवायचं नाही. प्रत्येकाला ती जिन्यातच अडवायची आणि कानाशी लागून सांगायची, "थेंब घे का नको घेऊ, पर डाक्टरची गोळी सोडू नको. माझ्या पोराची आण हाय." काहींनी ऐकलं. काहींनी वेडी समजून हात झटकला.

संधी इंद्रजीतनंच आणून दिली. केंद्राला तीन वर्षं झाली म्हणून पुंडलिकनगरातलं मंगल कार्यालय घेतलं, चारशे खुर्च्या मांडल्या आणि कार्यक्रमात 'मधमाश्यांच्या माउलीचा सत्कार' ठेवला. माउली म्हणजे गोजरबाई. त्यानं तिला फोनवर बजावलं, "मावशी, पांढरी साडी नेसून या. आणि येताना मळ्यातली एक सातेरीची पेटी घेऊन या, माश्या काढून. स्टेजवर ठेवू. लोकांना बघायला मिळेल."

"बरं," गोजरबाई म्हणाली.

तिनं सांगितल्याप्रमाणे केलं, फक्त आदल्या सकाळी पेटीच्या कडेला आपणच थापलेला डिंक खरवडून, पेटी फडक्यानं पुसून घेतली. सातेरीची पेटी जशी असते तशी केली. आणि दीपमाला मॅडमना निरोप धाडला. मॅडमनी लेखी तक्रार आधीच करून ठेवली होती. आपल्या संशोधनाचं कात्रण केंद्राच्या भिंतीवर बघून त्यांचंही डोकं फिरलेलं होतं. त्या तिसऱ्या रांगेत येऊन बसल्या आणि त्यांच्या शेजारी अन्न व औषध प्रशासनाची दोन माणसं, साध्या कपड्यांत.

शाल झाली, नारळ झाला. इंद्रजीतनं माइक तिच्या हातात दिला. "मावशी, दोन शब्द."

"मला बोलता येत नाय," गोजरबाई म्हणाली. "साहेबांना इचारते. साहेब, ह्या बाटलीतला डिंक कोणत्या माशीचा?"

इंद्रजीतला वाटलं बाई घाबरली, विषय काढून देतेय. तो माइकवर वाकला. "शंभर टक्के देशी! आपली सातेरी!" टाळ्या पडल्या.

"सगळा?"

"एकूण एक थेंब!"

गोजरबाईनं पेटीचं झाकण एका बोटानं उचललं आणि चौकटी एकेक काढून पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या हातात दिल्या. "बगा. हुडका डिंक. ही सातेरीची पेटी हाय, साहेबांच्याच मळ्यातली. सातेरी डिंकाला शिवत बी नाय. पिशोरात पेटी उघडणाऱ्या कोणालाबी इचारा. तिच्या पेटीत डिंक सापडला तर मी इथंच ह्या शालीनं गळफास घेते."

एक म्हातारा चौकट नाकाशी नेऊन हुंगू लागला.

"अन् मी साहेबाला वरसाला दोन किलो डिंक देते, मोठ्या माशीचा. दोन किलोत इतक्या हजार बाटल्या व्हत नाहीत. मग बाकीच्यात काय हाय, ते तेच सांगतील." तिनं माइक परत त्याच्या हातात दिला आणि खाली उतरली.

पुढचं तासाभराचं काम. तिसऱ्या रांगेतली दोन माणसं उठून स्टेजवर गेली, ओळखपत्रं दाखवली, खोकी मोजली, सील लावलं. नमुने तपासायला गेले. त्यात निघाली बाजारात मिळते ती राळ, वर रंग. केंद्राला कुलूप लागलं. पेपरात इंद्रजीतचा फोटो आला, हातानं तोंड झाकलेला. गोजरबाईनं तेही कात्रण कापलं आणि पोराच्या खोलीत नेऊन त्याच्या पुढ्यात धरलं. सम्यकनं वाचलं, घडी केली, उशाशी ठेवलं. गोजरबाईला वाटलं, अजून पुरं झालं नाही. खोट्या माशीसाठी त्याला धरलं. पोराचं नाव त्यात कुठंच नाही.

महिन्याभरानं, दुपारच्या वेळेला, दारात चारचाकी थांबली. इंद्रजीत उतरला. कपाळाला चंदन नव्हतं. हातात पेढ्यांचा पुडा आणि एक टाइप केलेला कागद.

"मावशी, वकील म्हणतो, एक सही मिळाली तर निभावेल. एवढंच लिहिलंय, की डिंक सातेरीचा आहे असं तुम्हीच मला सांगितलं होतं. खरंच तर आहे ते. मी फसलो, एवढंच दाखवायचंय."

"देते सही," गोजरबाई म्हणाली. "आधी आत या. माझ्या पोरापुढं बसा. तवा काय बोलला ते त्याच्या तोंडावर बोला."

तो घुटमळला. मग आत जाऊन खाटेसमोर बसला. सम्यक खाटेवर उठून बसला होता, सदऱ्याखाली पिशवीचा फुगवटा दिसत होता. इंद्रजीतनं एकदा तिकडे बघितलं आणि नजर जमिनीवर लावली. "गोळ्या बंद करायला मी सांगितलं," तो म्हणाला. "चूक झाली माझी. माफ कर, भाऊ."

गोजरबाईनं डोळे मिटून ते ऐकलं. वर्षभर ती हे एक वाक्य ऐकायला जगली होती. मग तिनं त्याच्या हातातला कागद घेतला, अंगणात गेली आणि पेट्यांना धूर द्यायच्या डब्यात गोवऱ्यांच्या तुकड्यांवर तो कोंबून काडी ओढली.

"अहो मावशी! तुम्ही शब्द दिला होता!"

"मी?" गोजरबाई भाता दाबत म्हणाली. "लेखी हाय का काही, साहेब?"

तो शिव्या देत गेला. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होत्या. पेढ्यांचा पुडा तिनं गाईपुढं टाकला, हात झटकले आणि पोराच्या खोलीत आली. तिचा चेहरा असा उजळला होता, की पेट्या उतरवायला आलेला गोकुळ पुढं कित्येक दिवस तेच सांगत होता.

"ऐकलंस का रं बाळा? आलं का त्याच्या तोंडून?"

"ऐकलं," सम्यक म्हणाला. तो तिच्याकडेच बघत होता. कितीतरी महिन्यांनी असा सरळ बघत होता. "मला त्याच्या तोंडून ऐकायचंच नव्हतं, माय."

"म्हंजी?"

"त्यानं एकदा सांगितलं. मी गोळ्या फेकल्याच नव्हत्या. दोन महिने ठेवल्या व्हत्या ट्रंकेत, लपवून, अन् घेत बी व्हतो. तू रोज इचारायचीस. सकाळी सहाला अन् जेवायच्या टायमाला. आपल्या माश्यांवर भरोसा नाय का तुला, म्हणायचीस. मग एक दिवस तुझ्याशी खोटं बोलायचा कंटाळा आला. फेकून दिल्या."

"मला ठावं नव्हतं…" एवढंच ती म्हणाली.

"त्याला बी ठावं नव्हतं. त्याला तू सोडलं का?" त्याचा आवाज चढला नाही. "वरीसभर वाट बगतोय मी. तू रोज त्याचं नाव घेती. रोज. एक दिवस तरी सोताचं घेशील म्हणून."

बाहेर डब्यातला कागद जळून त्याचा वास आत येत होता. गोजरबाई उभी होती ती हळूहळू खाली बसली, नुकता इंद्रजीत बसला होता त्याच जागी, तशीच जमिनीकडे बघत. कुणाकडे चूक कबूल करायची तर ती कुठून सुरू करतात हे तिला खरोखर माहीत नव्हतं. छप्पन्न वर्षांत तशी वेळच तिनं येऊ दिली नव्हती.

"गोळ्या बंद करायला म्या सांगितलं," ती म्हणाली.

सम्यक काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. जा माय, झालं गेलं, असं काहीतरी. पण तो तिच्याच पोटचा होता.

"बरं," तो म्हणाला. मग सदरा वर करून बघितलं. "भरली पिशवी. बदलायला पाहिजे."

गोजरबाई पाणी तापवायला उठली.